पाटावरची सुपारी

"परत एकदा सांग," बाबा म्हणाले. "आजोबा का आले नाहीत?"

"गुडघा. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलंय."

"आणि फोनवर का बोलत नाहीत?"

"घसा."

"घसा नाही, आवाज बसलाय. घसा म्हटलंस की आत्या काढा सांगेल. मग पुढच्या वेळी विचारेल, घेतला का, गुण आला का. आपण कुठे कुठे लक्षात ठेवायचं?"

गाडी कराड सोडून विट्याच्या रस्त्याला लागली होती. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. मागच्या सीटवर एका पिशवीत इरकली नऊवारी होती आणि तिच्याशेजारी चकलीचा डबा. साडी आजोबांनी पाठवली आणि चकल्या आईनं केल्या, असं सांगायचं होतं. चकल्या बचत गटाकडून विकत आणून आईनं घरच्या डब्यात भरल्या होत्या. आजोबा श्रावणात गेले होते.

त्या दिवशी भाऊबीज होती. आम्ही साताऱ्याहून आत्याआजीकडे, तासगावच्या पुढे येळगावला निघालो होतो. आत्याआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण, अनसूया. आजोबांनी तिची भाऊबीज सहसा चुकवली नव्हती. एस.टी.नं जायचे, संध्याकाळी ओवाळून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. आजोबा गेल्याचं तिला कळवायचं नाही, हे बाबांनी स्मशानातून आल्या आल्या ठरवलं होतं. तिचा थोरला मुलगा गेला तेव्हा तिनं अन्न सोडलं होतं, महिनोन्महिने कुणाशी बोलली नव्हती. आता तर काळीजही नाजूक झालं होतं. "भाऊ गेल्याचं ऐकलं तर ती राहायची नाही," बाबा म्हणाले होते.

मग आम्ही आजोबांचा एकेक अवयव आजारी पाडायला सुरुवात केली. आधी आवाज, कारण आजोबा दर रविवारी सकाळी तिला फोन करायचे. तो फोन आता माझ्याकडे आला. मी अकरावीला होते. लहानपणापासून मी आजोबांच्या खोलीत झोपत आले होते आणि त्यांची बोलण्याची लकब मला येत होती. "आत्याआजी, आजोबा शेजारीच बसलेत, पण बोलता येत नाही त्यांना. ते विचारतायत, म्हैस व्यायली का?" असं मी सुरू करायचे. ती उत्तर द्यायची. मग मी थोडं थांबायचे, म्हणजे आजोबा काहीतरी खुणेनं सांगतायत असं वाटावं. आणि पुढचं बोलायचे.

हे काम मला जड जात नव्हतं, हे खरं. घरात त्यांची खाट उचलली होती, चष्मा कुठेतरी ठेवून दिला होता. बाबा त्यांचं नावही घेत नव्हते. कुणी घेतलं की उठून जायचे. आई म्हणायची, विषय नको काढूस. "आजोबा म्हणाले" हे शब्द आठवड्यातून एकदाच, त्या फोनवर, मला उच्चारता यायचे. आत्याआजीला खरं सांगावं असं मला अनेकदा वाटे. एकटीनं रडून कंटाळा आला होता. पण सांगितलं आणि तिचं काही बरंवाईट झालं तर, ही भीती होतीच. सांगितलं की रविवारचा फोन संपणार, ही दुसरी भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

वाटेत चिंचाळ्याला थांबलो. हे आमचं मूळ गाव. आजोबांचा आणि आत्याआजीचा जन्म इथला. आता आमचं तिथे काहीच नव्हतं. घराच्या जागी कुणाचं तरी खताचं दुकान होतं. बाबा देवळात नारळ वाढवायला गेले आणि मी विहीर शोधत निघाले. आजोबांच्या गोष्टींत ती विहीर आणि तिच्यावरची चिंच हमखास असायची. उन्हाळ्यात दोघं भावंडं त्या चिंचेवरून पाण्यात उड्या टाकायची. एका रविवारी मी फोनवर विचारलंही होतं, "आजोबा विचारतायत, चिंचाळ्याच्या विहिरीवरची चिंच आहे ना अजून?" आत्याआजी म्हणाली होती, "हाय की. यंदा लई लागल्यात म्हणून सांग त्याला."

विहीर सापडली. चिंच नव्हती. रस्त्याच्या कडेला एक रुंद, काळा पडलेला बुंधा होता. त्याच्यावर एक म्हातारे गृहस्थ तंबाखू मळत बसले होते.

"कुणाची गं तू?"

मी सांगितलं.

"निवृत्तीची नात व्हय?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्या किसन. तुज्या आज्याच्या वर्गात हुतो. वाईट झालं पोरी."

"ही चिंच कधी तोडली?"

"ही? झाली की पाच-सा वर्सं. रस्ता रुंद केला तवा. तुजा आजा आन् अनसाक्का, दोघंबी आली हुती बगाया. त्या तिकडल्या दगडावर बसली, झाड आडवं हुईस्तंवर. जेवाया चला म्हटलं तर उठंनात."

मी त्या दगडाकडे बघत राहिले. आजोबांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. गोष्टींत ते ती चिंच उभीच ठेवत आले होते. म्हणजे आजोबा जो प्रश्न कधीच विचारणार नाहीत, तो मी त्यांच्या नावानं विचारला होता. आत्याआजीला झाड तोडल्याचं आठवलं असतं, तर त्याच क्षणी मी पकडले गेले असते. पण ती तर चिंचा लागल्यात म्हणाली. वय झालंय, विसरली असेल, असं मी ठरवून टाकलं. त्या वेळी मला तेवढं एकच स्पष्टीकरण सोयीचं होतं.

बाबा आले. किसनतात्यांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी तो हलकेच खाली केला.

"तात्या, आत्याला यातलं काही कळू देऊ नका हं. तुमचं जाणं-येणं असतं तिकडं."

किसनतात्या तंबाखूची डबी बंद करण्यात गुंतले. डबी बंद झाली तरी ती दाबत राहिले. "न्हाई, न्हाई," ते म्हणाले. "म्या कशाला सांगतुया."

येळगावला आत्याआजीचं घर द्राक्षबागेला लागूनच होतं, स्लॅबचं, पुढे पत्र्याची शेड. तिचा मुलगा भारतकाका बागेत फवारणीला गेला होता. ब्लोअरचा घुमणारा आवाज अंगणापर्यंत येत होता. आत्याआजी शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे तिनं आम्हांला गाडीच्या आवाजावरून ओळखलं.

"जयवंता आला. आन् ही कोण? केतकी का? हिकडं ये." तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, गालांवरून, कपाळावरून बोटं फिरवली. "वाळलीस गं. अभ्यास खातूय का तुला?" मग हात तसेच ठेवून तिनं विचारलं, "निवृत्ती न्हाई आला?"

"गुडघा, आत्या," बाबा म्हणाले. "पार धरलाय बघ. जिना उतरता येत नाही. त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं."

"वाटायचंच की," आत्याआजी म्हणाली.

तिची बोटं अजून माझ्या गालावर होती. मी श्वास रोखला होता, तेही तिला कळलं असणार.

भारतकाकांची बायको वैजूकाकू चहा घेऊन आली. तिला सगळं माहीत होतं. बाबांनी तिला आणि काकांना फोनवर शपथा घातल्या होत्या. "भावजी, यंदा तुम्हांलाच ओवाळून घ्यावं लागतंय बगा," ती मोठ्यानं म्हणाली, "न्हाईतर आत्या साडी सोडायच्या न्हाईत!" आणि आमच्याकडे पाहून उगाच जास्त हसली.

आत्याआजीनं चकलीचा तुकडा मोडून दोन बोटांत चुरला. "ही सुनंच्या हातची न्हाई."

"आईचीच आहे," मी म्हणाले.

"तुजी आई भाजणीत धनं घालती. ह्यात न्हाईत." ती हसली. "असू दे. पोरीची जात, शिकलीया, येळ कुठनं मिळणार? वैजे, त्यो फराळाचा डबा आत्ताच गाडीत ठिव. मागनं ध्यानात ऱ्हायचं न्हाई."

डबा भलामोठा होता, दोन माणसांनी उचलावा असा. करंज्या, शंकरपाळ्या, अनारसे, सगळं काठोकाठ. बाबा म्हणाले, "अगं एवढं कशाला?" ती म्हणाली, "न्या. लागतंय." तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दुपारी शेजारची मालनमावशी कुंकू मागायला आली आणि कुंकू विसरून गप्पा मारत बसली. पन्नाशीची, दणदणीत आवाजाची बाई होती. मी तिला सहज विचारलं, तुमचे भाऊ कधी येणार?

"मला कुठला भाऊ? आमी पाची भनीच! माजा भाऊ वर." तिनं आकाशाकडे बोट केलं. मी गडबडले, तशी ती खो खो हसली. "अगं मेला न्हाई, चांदोबा! जिला भाऊ न्हाई तिनं बिजंच्या चांदाला ववाळायचं. फुकटचा भाऊ. ना साडी, ना चोळी."

"आणि भाऊ आहे, पण आला नाही तर?"

"मग चांद न्हाई चालत," आत्याआजी म्हणाली. आतापर्यंत ती डोळे मिटून पडली होती. "आमच्यात तरी न्हाई. भाऊ असला आन् आला न्हाई, की पाट मांडायचा, पाटाव सुपारी ठिवायची, तिला ववाळायचं. निवृत्तीला कावीळ झाली हुती तवा म्या सुपारी ववाळली. मागनं त्यो आला, तवा त्याला तीच फोडून दिली खायाला. जित्या भावाची बहीण चांदाकडं गेली तर त्यो भावाला अपशकुन."

"बगा म्हंजे! माज्या भावाला कुनी मान देत न्हाई," मालनमावशी म्हणाली आणि कुंकू न घेताच निघून गेली.

चार वाजल्यापासून बाबा घड्याळ बघत होते. आत्याआजी ऐकत नव्हती. भाऊबीज उन्हातान्हात होत नाही, दिवा लागल्यावर होते, एवढंच म्हणत होती. शेवटी भारतकाका फवारणी आटपून आले आणि नवी कलमं दाखवायला बाबांना बागेत घेऊन गेले. वैजूकाकूनं बाहेरच्या खोलीत पाट मांडला, भोवती रांगोळीची दोन बोटं ओढली, पाटावर सुपारी ठेवली. तबकात निरांजन लावून ते आत्याआजीच्या हातात दिलं आणि ती दूध काढायला गोठ्यात गेली.

आत्याआजी पाटापाशी बसली नाही. तबक घेऊन तशीच उभी राहिली. वासरू ओरडलं, गोठ्याचं दार वाजलं. मग ती म्हणाली, "केतके, मागल्या दारी चल. माजा कोपर धर."

मागे धुण्याचा दगड होता आणि त्यापुढे थेट बाग. सूर्य नुकताच बुडाला होता. ब्लोअर थांबल्यामुळे एकदम फार शांत वाटत होतं. तिनं पदराच्या आडोशाला निरांजन धरलं.

"कुठं हाय?"

"काय?"

"चांद. बीज हाय ना आज? सूर्य गेला की घडीभर दिसतूय, मग जातूय. मला समदं धुरावानी दिसतंय. तू दाव."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पश्चिमेकडे तोंड करून उभी होती, पण चुकीच्या बाजूला, विजेच्या खांबाकडे बघत होती. क्षितिजावर ढगाचा एक पट्टा होता. ढग आलेत, दिसत नाही, चल आत, असं म्हणता आलं असतं. मग ती आत गेली असती, पाटापुढे बसली असती आणि आजोबांचा फक्त गुडघा दुखत राहिला असता. सबंध दिवस मी तेवढ्याचसाठी पाठांतर केलं होतं.

चंद्र ढगाच्या वर होता. स्पष्ट होता.

मी तिच्या मागे गेले. तिची दोन्ही मनगटं धरली आणि तिला सावकाश डावीकडे वळवलं. "इथं," मी म्हणाले. "बांधावरच्या नारळाच्या वर. तबक थोडं उचल. अजून. हां, आता समोर आहे."

तिनं ओवाळलं. ज्योत वाऱ्यानं लवत होती आणि मी तिच्या एका बाजूला हाताचा आडोसा धरला होता. तिनं अक्षता उडवल्या. त्यातल्या काही माझ्याच केसांत पडल्या.

"कसा दिसतूय?"

"नखाएवढा. अगदी बारीक कोर आहे." मी तिच्या खांद्यावरून पुन्हा पाहिलं. "पण उरलेला गोलही दिसतोय. अंधूक."

"उरल्याला बी दिसतूय?"

"हो."

"मग बरं," ती म्हणाली.

पुढे फिजिक्सला गेल्यावर तो उरलेला गोल का दिसतो ते मी शिकले. पृथ्वीवर पडलेला उजेड परत चंद्रावर जातो आणि तिथून पुन्हा आपल्याकडे येतो. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी फक्त जे दिसलं ते सांगितलं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"त्याच दिशी. किसन सायकलीवरनं आला हुता सांगाया. वैजी बागंत हुती. म्या डोक्यावरनं पानी घ्यातलं, बसून ऱ्हायले. मग वैजी आली आन् म्हणाली, मामांचा आवाज बसलाय म्हणं. म्हटलं, बसला असंल." तिनं तबक धुण्याच्या दगडावर ठेवलं. "तिला अजून वाटतंय मला ठावं न्हाई. लई जपती बिचारी. टीवीत कुनी मेलं तरी बंद करती."

"आणि मी फोन करत होते तेव्हा?"

"तू करत हुतीस."

"मी चिंचेचं विचारलं. तू म्हणालीस, खूप लागल्यात."

"मग काय म्हणू? तुटली म्हणू?" ती दगडाला टेकली. "येवढ्या हौसंनं इचारत हुतीस. हुबेहूब त्याच्यावानी, 'म्हैस व्यायली का'. म्या डोळं मिटून ऐकायची. घरात कुनी नाव घेत न्हाई व्हय त्याचं?"

"नाही."

"माज्याबी न्हाई."

मी रडले, तीही रडली, पण आवाज न करता. गोठा जवळच होता. तिनं पदराच्या एकाच टोकानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"बाबांना सांगू का? तुला माहीत आहे म्हणून?"

"नगं." ती चटकन म्हणाली. "म्या म्हातारी. बहीण हाय, रडून मोकळी हुईन. त्याचा बाप गेलाय. त्याला अजून तोंडानं म्हणता येईना. म्हनंल तवा म्हनंल." आणि तबक उचलून माझा कोपर धरताना, "रविवारी फोन कर. त्याचं काय सांगू नगंस आता. तुजं सांग."

आम्ही आत आलो तेव्हा बाबा चपला काढत होते. आत्याआजी पाटापुढे बसली. त्याच तबकानं, त्याच निरांजनानं तिनं सुपारीला ओवाळलं. कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या. बाबा भिंतीला टेकून उभे होते. सुपारीकडे ते अशा नजरेनं बघत होते की मला मान वळवावी लागली. मग त्यांनी पुढे होऊन साडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं काठावरून बोट फिरवलं.

"इरकल हाय. त्याला सांग, काठ चांगला निवडला."

"हो," बाबा म्हणाले.

"आन् गुडघ्याला करंजाचं त्याल लाव म्हणावं. कोमट करून. नुसतं चोळून उपेग न्हाई."

"हो आत्या."

"सुपारी म्या ठिवती. आला की देईन."

गाडी विट्याकडे वळली तेव्हा चंद्र मावळून गेला होता. मागच्या सीटवर डबा खडखडत होता. एका खड्ड्यात तो जोरात आदळला आणि मला आई दसऱ्याला शेजारच्या काकूंशी बोलत होती ते आठवलं: यंदा आमच्याकडे कढई चढायची नाही, वर्षाच्या आत तळण करत नाहीत. अशा घरी फराळ नातेवाइकांनी नेऊन द्यायचा असतो. आत्याआजीनं आमचा फराळ आम्ही यायच्या आधीच करून ठेवला होता. बाबांनी तो स्वतःच्या हातांनी डिकीतून काढून नीट सीटवर लावला होता, आणि त्यांना काही उमगलं नव्हतं.

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "छान पार पडलं. तिला शंका आली नाही, नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

"तुला काही विचारलं? मी बागेत होतो तेव्हा?"

"गुडघ्याचंच. करंजाचं तेल लावायचं म्हणाली, कोमट करून."

समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड त्यांच्या तोंडावर पडून गेला. त्यांनी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले. "सांगतो त्यांना."